वाचनालयाचे ॲप दोन्ही स्टोअरवर चढवताना

एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला सभासदांसाठी ॲप हवे आहे, असे समजू. पुस्तक शिल्लक आहे का ते पाहणे, परतीची तारीख कळणे आणि वर्गणी भरणे, एवढेच त्यात असेल. एवढ्यासाठी अँड्रॉइड आणि आयफोनची दोन वेगळी ॲप्स लिहिण्याचे कारण नाही. फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनात एकदा लिहिलेल्या कोडवरून दोन्हींचा बिल्ड, म्हणजे फोनवर चालणारे तयार ॲप, निघतो. मात्र आयफोनच्या बिल्डसाठी एक्सकोड हे ॲपलचे सॉफ्टवेअर लागते आणि एक्सकोड केवळ मॅकवर चालते, तेव्हा मॅकची सोय आधी पाहून ठेवावी.

कोडला हात लावण्यापूर्वी खाते कोणाच्या नावाने काढायचे ते ठरवावे. गूगल प्लेच्या नोंदणीला एकदाच २५ डॉलर पडतात; ॲपलचे सभासदत्व दरवर्षी ९९ डॉलरचे असते आणि त्याचे नूतनीकरण राहिले तर ॲप स्टोअरवरून उतरते, हे कार्यकारिणीला सुरुवातीलाच सांगितलेले बरे. काम करून देणाऱ्या मुलाच्या वैयक्तिक खात्यावरून ॲप चढवणे सोपे वाटते, पण मग ॲप स्टोअरवर विक्रेता म्हणून त्याचेच नाव झळकते. शिवाय १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक प्ले खात्याला, किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस बंद (निवडक लोकांपुरत्या) चाचणीत टिकवून ठेवल्याखेरीज, ॲप सर्वांसाठी खुले करण्याचा अर्जही करता येत नाही. संस्थेच्या खात्याला ही अट नाही. त्याला डन्स क्रमांक, म्हणजे संस्थांना दिला जाणारा ओळखक्रमांक, लागतो. वाचनालय नोंदणीकृत असेल तर संस्थेचेच खाते काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा निर्णय, आणि तो न फिरवता येणारा, म्हणजे ॲपचे अंतर्गत ओळखनाव. ॲप एकदा प्रसिद्ध झाले की ते बदलत नाही, म्हणून ते संस्थेच्या संकेतस्थळाच्या नावावरून बेतावे. फ्लटरने नमुन्यादाखल घातलेले ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ तसेच राहिले तर प्ले ती फाइल स्वीकारतच नाही. अँड्रॉइडसाठी तयार होणारी कीस्टोअर फाइल (ॲपवर स्वाक्षरी करणारी डिजिटल किल्ली हिच्यात असते) आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवावा. त्यातली अपलोड की, म्हणजे ही किल्ली, हरवल्यास ती बदलून मागता येते, परंतु त्यात दिवस जातात.

आता बिल्ड. प्लेवर नवे ॲप एपीकेच्या (थेट फोनवर बसणाऱ्या फाइलच्या) नव्हे, तर ॲप बंडलच्या (ज्यातून प्ले फोननुसार फाइल बनवते त्या) स्वरूपात द्यावे लागते. आवृत्ती ‘१.०.०+१’ अशी लिहितात. अधिक चिन्हापुढचा आकडा प्रत्येक अपलोडच्या वेळी वाढवावा लागतो. येथे नवखे हमखास अडकतात ते इंटरनेटच्या परवानगीत. फ्लटरच्या साच्यात ती डीबग (बनवताना तपासण्याच्या) बिल्डपुरती आधीच दिलेली असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, नसते. त्यामुळे टेबलावर सुरळीत चालणारे ॲप रिलीज (लोकांना द्यायच्या) बिल्डमध्ये पुस्तकांची कोरी यादी दाखवते. म्हणून रिलीज बिल्ड खऱ्या फोनवर टाकून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्याच वेळी फोनमधील अक्षरांचा आकार मोठा करून पाहावा, कारण ओळीची उंची आखडून ठेवली असेल तर ‘पूर्वी’मधील रफार आणि वेलांटी वरून छाटली जाते.

पुस्तकावरील बारकोड वाचायला कॅमेरा वापरणार असाल, तर आयफोनच्या बिल्डमध्ये त्याचे कारण लिहावे लागते. ‘कॅमेरा आवश्यक आहे’ असे मोघम न लिहिता ‘पुस्तकावरील बारकोड वाचण्यासाठी कॅमेरा वापरला जाईल’ असे लिहावे.

स्टोअरच्या पानासाठी प्लेला ५१२ × ५१२ पिक्सेलचे चिन्ह आणि १०२४ × ५०० चे शीर्षचित्र लागते, तर ॲपलला १०२४ × १०२४ चे, पारदर्शक भाग नसलेले चिन्ह. दोन्हीकडे नावाला ३० वर्णांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, वेलांटी आणि हलन्त संगणक वेगळे मोजत असल्याने डोळ्यांना आखूड दिसणारे नावही त्यात मावेलच असे नाही. गोपनीयता धोरणाचे पान दोन्हींना हवे, आणि कोणती माहिती गोळा होते याचा तक्ता त्या धोरणाशी तंतोतंत जुळला पाहिजे. कोड स्वतः लिहिला तरी जोडलेली लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) परस्पर काय पाठवते, तेही त्यात धरावे.

तपासणीसाठी नमुना सभासदाचे लॉगिन द्यावे. आमचे पहिले ॲप नेमके येथेच परत आले: प्रवेशाचा ओटीपी भारतीय मोबाइल क्रमांकावर जात होता, तो तपासणाऱ्याला मिळणार कोठून? चूक आमचीच होती. नमुना क्रमांकासाठी ठरावीक ओटीपी चालेल अशी व्यवस्था केली आणि तपासणाऱ्यासाठीच्या टिपणात ती चार ओळींत लिहिली. वर्गणीबाबतही त्याच टिपणात खुलासा करावा. छापील पुस्तके घरी नेण्याची वर्गणी ही ॲपबाहेरची सेवा असल्याने ती यूपीआयने घेता येते; ॲपमध्येच वाचायची ई-पुस्तके विकली, तर मात्र स्टोअरचे डिजिटल विक्रीचे नियम लागू होतात.

मंजुरीनंतरच्या सुधारित आवृत्त्या सर्वांना एकदम देऊ नयेत. प्लेवर प्रथम काही टक्के फोनना, तर ॲप स्टोअरवर ७ दिवसांत टप्प्याटप्प्याने वितरण करता येते. दोष आढळल्यास वितरण थांबवता येते, पण ज्यांच्या फोनवर ती आवृत्ती पोहोचली त्यांना मागे आणता येत नाही. त्यांच्यासाठी पुढचा आकडा देऊन दुरुस्त बिल्डच चढवावा लागतो.