आरतीला आमंत्रण नसतं

रत्नागिरीत बदली होऊन आलेल्या माणसांचा महिनाभरात एक प्रश्न हमखास येतो, "इथे एखादा क्लब वगैरे आहे का हो?" २००६ साली बार्शीहून आले तेव्हा मीही हेच विचारलं होतं. घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या, "आहे की. आमची वाडी." मला वाटलं चेष्टा करतायत. तीन वर्षांसाठी आलो होतो, अजून इथेच आहोत.

तर आधी वाडी. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असलात तरी बिल्डिंग कुठल्या तरी वाडीच्या नाहीतर आळीच्या हद्दीत उभी असते, आणि तिथे मंडळ असतंच. त्याला ऑफिस नसतं. असतं ते देवळाच्या मागे कपाट, त्यात सतरंज्या, टोप, एक माइक आणि वर्गणीचं पावतीपुस्तक. पहिल्या भेटीत "कुठचे तुम्ही?" असं विचारतील. घाटावरचे म्हटलंत की थोडं हसतील. मनाला लावून घेऊ नका. ब्रह्मदेशाचा थिबा राजा १८८६ ते १९१६, अशी तीस वर्षं इथे नजरकैदेत राहिला, इथेच वारला. गाव अजून त्याला ब्रह्मदेशाचाच म्हणतं. तुम्हाला येऊन सहा महिने झालेत.

वर्गणी मागायला आले की घासाघीस करू नका. जमत नसेल तर जमेल तेवढंच द्या आणि पावती घ्या. उलट चूकही करू नका. पहिल्या वर्षी आम्ही भरघोस रक्कम दिली आणि मग कार्यक्रम काय ठेवावा यावर यजमानांनी सभेत दहा मिनिटं भाषण केलं. कुणी काही बोललं नाही. शेवटी एक काका म्हणाले, "बरं, बघू." इथे "बघू" म्हणजे नाही. पुढच्या खेपेला यजमान खुर्च्या उचलायला गेले आणि त्या रात्री पहिल्यांदा कुणीतरी त्यांना "भावजी" म्हटलं.

आता गणपती. इथे खरा गणपती घरोघरी, सार्वजनिक नंतर. आमच्याकडे मंडळाच्या मांडवात जायची सवय, त्यामुळे पहिल्या वर्षी मी कुणी बोलावतंय का याची वाट बघत दोन संध्याकाळी घरात बसून होते. शेजारच्या घरातून झांजांचा आवाज येतोय, दारात पंचवीस चपला आहेत, आणि मी खिडकीत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनीच विचारलं, "काय गो, आमचा गणपती आवडला नाय वाटतं?" आरतीला आमंत्रण नसतं. आवाज आला की चप्पल काढायची आणि आत जायचं. एका घरची संपली की सगळे पुढच्या घरी, असं वाडीभर. ज्यांच्याकडे तुम्ही गेलात ते तुमच्याकडे येणार. तुम्ही गेला नाहीत तर तुमच्या आरतीला तुम्ही दोघंच.

मागे उभं राहून टाळ्या वाजवल्यात तर चालतं, पण कुणीतरी हातात झांज देईल ती नाकारू नका. आपल्याकडे पाच मिनिटांत आरत्या आटोपतात. इथे तास लागतो, आणि विठ्ठलाच्या आरतीतला "ये" इतका लांबवतात की पहिल्यांदा ऐकणारा मध्येच श्वास घेतो आणि सगळी पोरं त्याच्याकडे बघून हसतात. मंत्रपुष्पांजली, मग गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला "होय महाराजा" म्हणायचं असतं. खिरापत घेतल्याशिवाय निघू नका. भजनी मंडळ घरी आलं तर काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा पुरे, पण उसळ जास्तच करा, बुवांबरोबर किती जण येतील याचा नेम नसतो.

मोठे निर्णय याच दिवसांत होतात, नाहीतर मे महिन्यात, कारण तेव्हा मुंबईकर गावात असतात. देवळाचा पत्रा, सभामंडपाची फरशी, सगळं तेव्हा ठरतं. जूनमध्ये एखादी कल्पना मांडाल तर ती पावसात वाहून जाईल. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चारच महिन्यांत.

शिमग्याची पालखी दारात येते तो दिवस मात्र रजा टाकून घरी राहण्याचा. अंगण सारवा किंवा निदान धुवा, रांगोळी घाला, ओटीचा नारळ तयार ठेवा. पालखीला खांदा द्यायचा असेल तर स्वतः पुढे होऊ नका. मान कुणाचा, क्रम कसा, हे त्यांचं त्यांना ठरलेलं असतं. शेजाऱ्याला आधी विचारून ठेवा. माघात किंवा त्याच्या आगेमागे वाडीची सत्यनारायणाची पूजा असते, रात्री नमन, म्हणजे इथलं लोकनाट्य. पहाटेपर्यंत चालतं. शाल घेऊन जा.

पाटी लावलेल्या संस्थाही आहेत, हवं तर. नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथे पहिल्याच आठवड्यात सभासद व्हा. नुसतं पुस्तक बदलायला गेलात तरी गावातली दहा माणसं कळतात. गाण्याची आवड असेल तर खल्वायन संस्थेच्या मासिक मैफली आणि थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव चुकवू नका. डोंगरात जाणाऱ्यांसाठी रत्नदुर्ग माउंटेनिअर्स. मुलगा क्रिकेटवाला असेल तर तुम्हाला काहीच करावं लागणार नाही, एका रविवारी मैदानावर सोडा, संध्याकाळपर्यंत त्याच्या ओळखी तुमच्यापेक्षा जास्त झालेल्या असतील.

बायकांसाठी एक सांगते. हळदीकुंकवाला बोलावणं येतं, पण खरी ओळख बचत गटात होते. आमच्या गटात मी पहिली दोन वर्षं फक्त हप्ता भरून ऐकत बसायचे. कोणाच्या घरी काय अडलंय, कोकमं कोण चांगली करतं, भाडेकरूंना पाण्याची टाकी कोण देतं, सगळं तिथे कळलं. खजिनदार व्हा म्हणाले तर पहिल्या वर्षी नको म्हणा. दुसऱ्यांदा म्हणतील तेव्हा खरं म्हणत असतील.

यंदा आमच्या वाडीत आरत्या साडेसातला सुरू होतील, म्हणजे आठला. झांजा स्वतःच्या आणा. आमच्याकडच्या जोडीतली एक मागच्या वर्षी विसर्जनाच्या गडबडीत विहिरीत पडली ती अजून तिथेच आहे.