एस मोड कधी टाकायचा आणि कधी डीवरच राहायचं

ऑटोमॅटिक गाडीत डी म्हणजे नेहमीचा ड्राइव्ह मोड आणि एस म्हणजे स्पोर्ट मोड. पहिलं म्हणजे स्पोर्ट मोडने इंजिनची ताकद वाढत नाही हो, गिअरबॉक्स फक्त वरचा गिअर उशिरा टाकतो, खालचा लवकर आणि बऱ्याच गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरही जरा तिखट होतो. त्यामुळे ट्रॅफिकमध्ये डीच बरा, एसमध्ये गाडी उगाच हिसके देते आणि पेट्रोल जास्त पिते. ओव्हरटेक करायच्या थोडं आधी, हायवेला लागताना किंवा चढावर एस टाका, चालत्या गाडीत चालतं, थांबायची गरज नाही, काम झालं की परत डी. उतारावर तर एस मस्तच, खालचा गिअर राहिला की इंजिन ब्रेकिंग मिळतं, म्हणजे इंजिनच गाडीचा वेग आवरतं, ब्रेक कमी तापतात. एकदम पिकअप हवा असेल तर डीमध्येही पेडल पूर्ण दाबलं की गिअर खाली येतोच. इंजिन थंड असताना मात्र एस नको.