कंपनीवरचा राग तुमच्यावर निघतो तेव्हा काय करावं

समजा, तुम्ही एका मोठ्या बँकेत आहात. ऐन पगाराच्या दिवशी बँकेचं ॲप बसतं. ग्राहक आधी बँकेच्या अधिकृत खात्यावर तुटून पडतात. तिथून "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" यापलीकडे काही हाती लागत नाही. मग कुणीतरी लिंक्डइनवर बँकेचं नाव टाकतो आणि त्याला तुम्ही सापडता. नाव, फोटो, हुद्दा, शहर, सगळं एका जागी. तुम्ही गृहकर्ज विभागात आहात, ॲपशी तुमचा काडीचा संबंध नाही. तरी संध्याकाळपर्यंत तुमच्या राजगडच्या फोटोखाली आईबहिणीवरून शिव्या पडलेल्या असतात.

अशा वेळी हात शिवशिवतात, पण आधी शिवी कुणाला आहे ते ठरवा. "तुमची बँक चोर आहे, सगळे लुटारू" हे कंपनीला आहे, तुम्हाला टॅग केलेलं असलं तरी. त्याला उत्तर देणं हे तुमचं काम नाही. त्यासाठी पगार घेणारी माणसं वेगळी आहेत. "कुठल्या सोसायटीत राहतेस ते माहीत आहे" हे मात्र तुम्हाला आहे, आणि ती ग्राहकाची तक्रार राहिलेली नाही. या दोन्हींना एकाच सुरात उत्तर दिलं की घोळ होतो. कंपनीवरचा राग आपण अंगावर घेतो आणि खऱ्या धमकीला "सर, प्लीज समजून घ्या" म्हणत बसतो.

ब्लॉक करण्याआधी पुरावा

बहुतेक जण उलट करतात: रागाने ब्लॉक, डिलीट, आणि आठवड्याने पोलिसांसमोर रिकामे हात. स्क्रीनशॉट घेताना नुसती शिवी कापून घेऊ नका. वरचं हँडल, तारीख, वेळ आणि मूळ पोस्ट दिसली पाहिजे. पडद्यावरचं नाव माणूस दिवसात तीनदा बदलू शकतो, म्हणून त्या प्रोफाइलची आणि त्या कमेंटची लिंक वेगळी उतरवून ठेवा. पुष्कळ मजकूर असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा: प्रोफाइल उघडा, खाली सरकवत त्या कमेंटपर्यंत या. फोनवरून शिव्या आल्या असतील तर कॉल लॉगही ठेवा.

ज्या फोनवर हे आलं तो फोन रिसेट करू नका, एक्स्चेंजमध्येही देऊ नका. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

हे सगळं वाचवत नसेल तर विश्वासातल्या मित्राला किंवा बहिणीला बसवा. पुरावा गोळा करणारा माणूस तुम्हीच असला पाहिजे असं नाही.

कंपनीला त्याच दिवशी, लेखी

इथे माणसं कचरतात. "साहेबांना वाटेल मीच काहीतरी लिहिलं असेल." नेमकं म्हणूनच त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. मॅनेजर आणि एचआर या दोघांना एकच मेल, चार ओळींचा:

"आज दुपारपासून माझ्या वैयक्तिक खात्यावर बँकेच्या सेवेवरून शिवीगाळ आणि धमक्या येत आहेत. मी कुणालाही उत्तर दिलेलं नाही. स्क्रीनशॉट जोडले आहेत. रिसेप्शन आणि सिक्युरिटीने माझा नंबर, पत्ता किंवा कामाची वेळ कुणालाही सांगू नये, ही विनंती. या प्रकरणी माझ्याशी कोण बोलेल ते कळवावं."

रिसेप्शनचा मुद्दा गाळू नका. "मॅडम किती वाजता निघतात?" या साध्या प्रश्नाला सौजन्याने खरं उत्तर देणारी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात.

कंपनी पाठीशी उभी राहील का? काही राहतात. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने जाहिरातीवरून झालेल्या गदारोळानंतर ती जाहिरात मागे घेतली. कर्मचारी, भागीदार आणि दुकानांतल्या लोकांच्या सुरक्षिततेचं कारण निवेदनात दिलेलं होतं. माघार बरोबर की चूक यावर लोक भांडले, पण काउंटरवरच्या माणसाचा विचार झाला होता. उलट जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अरीनानेट या गेम कंपनीने आपल्या दोन लेखकांना ट्विटरवरच्या वादावरून कामावरून काढलं. लेखिकेने एका खेळाडूला स्वतःच्या खात्यावरून फटकारलं होतं, दुसरा तिच्या बाजूने बोलला होता. तेव्हा "मतं वैयक्तिक" ही बायोमधली ओळ ढाल आहे असं समजू नका. कंपनीचं सोशल मीडिया धोरण काढून एकदा नीट वाचा. रुजू होताना त्यावर आपण सही केलेली असते, वाचलेलं कुणीच नसतं.

उत्तर द्यायचंच असेल तर

पहिल्या दिवशी नाही. नंतरही एकदाच, आणि शिवी देणाऱ्यासाठी नव्हे, तर तुम्हाला ओळखणारे जे लोक ते वाचतायत त्यांच्यासाठी. "मी या बँकेत काम करतो. सेवेबद्दलची तक्रार अधिकृत खात्यावर करावी, इथे मी ती सोडवू शकत नाही. माझ्या कुटुंबाबद्दल लिहिलेलं नोंदवून ठेवलं आहे." बस्स. ॲप का बंद पडलं याबद्दल तुम्हाला माहीत असलं तरी अवाक्षर काढू नका. त्याची बातमी होते. टोपणनावाच्या दुसऱ्या खात्यावरून स्वतःची बाजू घेण्याचा मोहही आवरा. ते उघडकीला येतं, आणि मग मूळ शिव्या राहतात बाजूला.

यानंतर दारं लावून घ्या. लिंक्डइनवर कनेक्शनची यादी लपवा, फेसबुक प्रोफाइल लॉक करा, मुलांच्या शाळेचे आणि गाडीच्या नंबर प्लेटचे फोटो काढून टाका. एक्सवर मात्र ब्लॉकवर विसंबू नका: २०२४ च्या अखेरीपासून ब्लॉक केलेला माणूसही तुमच्या सार्वजनिक पोस्ट वाचू शकतो. तिथे खातं प्रायव्हेट करणं हाच उपाय. घरच्यांना सांगून ठेवा. "कुरिअर आहे, पत्ता सांगा" असा फोन आला तर आईने पत्ता सांगू नये.

तक्रार

आधी प्लॅटफॉर्मकडे रिपोर्ट करा. दाद लागली नाही तर भारतातल्या त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, आणि त्याच्या निर्णयावर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं.

धमकी, पाठलाग, मॉर्फ केलेले फोटो असतील तर राष्ट्रीय सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात जा. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. जिवाला धोका वाटला तर ११२. जुन्या माहितीच्या भरवशावर कुणी "कलम ६६अ लावा" म्हणालं तर माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय. आता भारतीय न्याय संहितेतली कलमं पाहायची: ३५१ धमकीसाठी, त्यातच निनावी धमकीला वेगळी शिक्षा आहे, ७८ बाईचा पाठलाग, इंटरनेटवरचासुद्धा, ३५६ बदनामीसाठी. नुसत्या शिवीवर गुन्हा नोंदवायला पोलीस फारसे उत्सुक नसतात, म्हणून अर्जात धमकीची वाक्यं जशीच्या तशी सगळ्यात वर लिहा. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

शिव्या देणारा सहकारीच निघाला, आणि मजकूर लैंगिक असला, तर महिला कर्मचाऱ्याला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे कंपनीच्या अंतर्गत समितीकडे जाता येतं. मुदत साधारण तीन महिन्यांची, तेव्हा "बघू" म्हणत दिवस घालवू नका.

आणि हे सगळं ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका. नोकरी सोडताना तो परत जातो, मेलही त्याच संध्याकाळी बंद होतो. स्क्रीनशॉट स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवा, आणि एचआरला पाठवलेल्या तक्रारीची एक प्रिंट पोलिसांच्या पोचपावतीबरोबर घरच्या फायलीत लावा.