बदक काटक, पिल्लू नाही: पश्चिम आफ्रिकेतल्या परसातल्या बदकपालनात या चुका टाळा

घाना, टोगो, बेनिन, बुर्किना फासो या पट्ट्यात परसात फिरणारं बदक बहुधा मस्कोव्ही जातीचं असतं. मूळ अमेरिका खंडातलं. तोंडावर लाल गाठी, आवाज म्हणजे नुसतं फुसफुसणं. हरमॅटनचे कोरडे वारे सुटले की मानमोडी (न्यूकॅसल) रोगाने गावच्या कोंबड्या पटापट जातात, बदकं मात्र ढिम्म. त्यातूनच ‘बदकाला काही होत नाही’ ही समजूत पक्की होते आणि पिल्लांकडे दुर्लक्ष होतं.

बुरशी लागलेलं दाणापाणी. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माणसांनी बाजूला काढलेला काळपट मका, वास मारणारी शेंगदाणा पेंड सरळ बदकांपुढे टाकली जाते. त्यातल्या अफ्लाटॉक्सिन विषाला बदकाची पिल्लं फार लवकर बळी पडतात. यकृत जातं, पिल्लू मलूल होतं आणि मरतं. उकळल्याने बुरशी मरते, विष तसंच राहतं. तेव्हा शिजवून घातलं तरी चालेल, हा हिशेब चुकीचा. त्यापेक्षा खायला वाळवी बरी. ओला पेंढा आणि शेण भरलेलं मडकं संध्याकाळी वाळवीच्या वाटेवर उपडं ठेवायचं आणि सकाळी ऊन चढण्याआधी उचलायचं. ही तिथलीच जुनी युक्ती आहे. फुकटात प्रथिनं मिळतात, कोंड्याच्या जोडीला उत्तम.

पिल्लं पाण्यात सोडणं. पिसं यायच्या आत अंग भिजलं की पिल्लू गारठतं. मस्कोव्हीला तळं लागतच नाही. प्यायचं भांडं मात्र चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल हवं, नाहीतर नाकात दाणा अडकतो. भांड्यात दोन-चार गोटे टाका, म्हणजे पिल्लं आत उतरत नाहीत.

अंडी लवकर फेकणं. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, साध्या बदकाची २८, मस्कोव्हीला सुमारे ३५ लागतात. महिना झाला, काही हालचाल नाही, म्हणून अंडी उकिरड्यावर टाकणारे कमी नाहीत! कोंबडीखाली अंडी ठेवली असतील तर ती मधेच उठू शकते. दुसरी खुडूक कोंबडी हाताशी ठेवा.

नरांची गर्दी. चार-पाच माद्यांमागे एक नर पुरे. जास्तीचे विका. तोच नर वर्षानुवर्षं ठेवला तर बाप-लेकींची वीण होते. शेजारच्या गावाशी अदलाबदल करा.

कोंबड्यांसोबत एकाच खुराड्यात कोंडणं. बदकं पाणी सांडतात, खालचं तूस भिजतं. शिवाय स्वतः ठणठणीत दिसणारं बदक रोगाचे विषाणू विष्ठेतून पसरवू शकतं. २००६ मध्ये एच५एन१ बर्ड फ्लू आफ्रिकेत पहिल्यांदा नायजेरियात आढळला, तेव्हापासून ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही. पक्षी अचानक मरू लागले तर उरलेले घाईघाईने बाजारात नेऊ नका, मेलेले सोलू नका. आधी पशुवैद्यक खात्याच्या माणसाला कळवा.