करकपातीआधीच्या पगारातून ट्रेनचा पास कसा काढावा (अमेरिकेतल्या नोकरदारांसाठी)

न्यू जर्सीतल्या एडिसनहून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला ट्रेनने ये-जा करणाऱ्यांना महिन्याचा पास चांगलाच महाग पडतो, आणि बरेच जण तो कर भरून उरलेल्या पगारातून काढतात. कंपनीची 'कम्युटर बेनिफिट' योजना असेल, तर तेवढी रक्कम कर लागण्याआधीच पगारातून बाजूला काढता येते. न्यूयॉर्क शहरात २० किंवा जास्त पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या बहुतेक खासगी कंपन्यांना ही सोय २०१६पासून द्यावीच लागते. त्यामुळे एचआरने काही सांगितलं नसेल, तर आपणहून विचारा.

आधी हिशेब करा. महिन्याला ३०० डॉलर लागतात, फेडरल कराचा टप्पा २२ टक्के आहे आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्के जातात असं धरलं, तर दरमहा ८८.९५ डॉलर वाचतात. वर्षाचे झाले हजाराच्या वर. २०२६ची मर्यादा प्रवासासाठी महिन्याला ३४० डॉलर आणि पार्किंगसाठी वेगळी ३४० डॉलर आहे. मेट्रोपार्क स्टेशनला गाडी लावून पुढे ट्रेन धरणाऱ्याला दोन्ही घेता येतात. पेट्रोल, टोल आणि घराजवळचं पार्किंग यात बसत नाही. बायकोचा किंवा नवऱ्याचा पासही नाही.

मग योजनेच्या पोर्टलवर (वेबसाइटवर) नाव नोंदवून रक्कम ठरवा. इथे तारीख सांभाळावी लागते. बहुतेक ठिकाणी पुढच्या महिन्याची निवड या महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास बंद होते. नक्की तारीख पोर्टलवर बघून कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. ती चुकली, तर तो महिना पूर्ण खिशातून.

पैसे साधारणपणे एका खास डेबिट कार्डावर येतात. प्रवासाचा खर्च आधी स्वतः करून मागून पावती दाखवली, तर तो सहसा परत मिळत नाही, म्हणून तिकीट त्याच कार्डाने काढा. पार्किंगच्या पावत्या मात्र अनेक योजनांत चालतात. त्या १८० दिवसांच्या आत द्या.

कार्ड नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण साधं असतं: पास ३४५ डॉलरचा आणि कार्डावर ३४०. पाच डॉलर कमी असले तरी सगळा व्यवहार अडतो. वरची रक्कम करोत्तर पगारातून त्याच कार्डावर टाकायची सोय बहुतेक पोर्टलवर असते, ती चालू करा.

न्यूयॉर्कच्या सबवेला ओम्नीवर (टॅप करून भाडं भरायच्या यंत्रणेवर) कार्ड टॅप करत असाल, तर आठवडाभर एक तर कार्डच वापरा किंवा फोनच. सकाळी फोन आणि संध्याकाळी प्लॅस्टिकचं कार्ड असं केलं, तर यंत्र ती दोन वेगळी खाती धरतं. मग आठवड्याच्या कमाल भाड्याची सवलत (ठरावीक रक्कम भरली की त्या आठवड्यात पुढचे प्रवास फुकट) हातची जाते.

उरलेले पैसे नोकरी चालू असेपर्यंत सहसा पुढच्या महिन्यात जातात. तरी साठा करू नका. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जात असाल, तर मासिक पासापेक्षा सुटी तिकिटं स्वस्त पडतात का ते बघून रक्कम ठरवा. डिसेंबरात महिनाभर भारतात जाणार असाल, तर नोव्हेंबरच्या मुदतीआधी ती शून्यावर आणा.

नोकरी सुटली, की कार्डावर पडून असलेली करपूर्व रक्कम परत मिळत नाही. राजीनामा द्यायचं मनात असेल, तर नोटीस देण्याआधीच कपात थांबवा आणि शिल्लक शेवटच्या दिवसापर्यंतच्या ये-जा करण्यात वापरून टाका.