आईचा फोन का वाजला नाही

2023 मध्ये सरकारने मोबाइलवर आपत्ती इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा ऐरोलीच्या आमच्या घरात माझा फोन कर्कश वाजला, थरथरला. शेजारीच ठेवलेला आईचा गप्प. पावसाळ्यात ती दुपारभर घरी एकटी असते, म्हणून मला चैन पडेना.

आधी वाटलं, डेटा पॅक संपला असेल. पण हा इशारा टॉवरवरून थेट त्या परिसरातल्या फोनवर येतो, इंटरनेट लागतच नाही. सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' उघडलं, तर 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' बंद! ते सुरू केलं, आतलं 'टेस्ट अलर्ट्स'सुद्धा (अनेक फोनमध्ये ते आधीपासून बंदच असतं). शिवाय राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं (एनडीएमए) आपत्तीचे इशारे देणारं 'सचेत' ॲप टाकलं. त्याला मात्र नेट लागतं. पुढच्या चाचणीला आईचाच फोन आधी वाजला.