स्कूटरची बॅटरी घेताना लिथियमचा हिशेब असा मांडा

माझं गॅरेज खानापुरात. विजेवरची स्कूटर घ्यायला निघालेला माणूस पहिलं विचारतो, "दादा, रेंज किती?" मी सांगतो, आधी आठवडाभर स्वतःचे किलोमीटर वहीत लिहा. बेळगावला रोजची एक फेरी एवढंच काम असेल, तर 3 युनिटची (म्हणजे 3 kWh) बॅटरी पुरते, 4 ची कशाला? एका युनिटमागे साधारण 100 ग्रॅम लिथियम जातं.

ते येतं कुठून, हे डोळ्यांसमोर ठेवा. चिलीच्या अटाकामा वाळवंटात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मिठागरासारखं उन्हात आटवतात, वर्ष-दीड वर्ष. आधीच कोरडा मुलूख, त्यात हे पाणी हवेत जातं. ऑस्ट्रेलियात ते खडक फोडून काढतात, आणि तो खडक भट्टीत भाजताना इंधन फार जळतं. आपल्याच कर्नाटकात मंड्याजवळ मार्लगल्लात 1,600 टनांचा अंदाज 2021 मध्ये जाहीर झाला, म्हणजे हा प्रश्न फक्त परमुलखाचा नाही.

तरी मी हीच गाडी घ्या म्हणतो. पेट्रोल एकदा जळलं की संपलं, लिथियम पुन्हा काढता येतं.

शक्य असेल तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी मागा. तिच्यात कोबाल्ट-निकेल नसतं आणि ती जास्त वर्षं टिकते. चोर्ला घाट चढून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, आधी निवू द्या.

जुनी बॅटरी भंगारात मात्र घालू नका. एकाने फोडलेली आणली होती, सेलमधून धूर निघत होता. 2022 च्या नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. शोरूममध्ये द्या, पावती मागून घ्या.